पाणथळीवर पक्षी बघायला जाताय? मग आधी पाणी बघा

पाणथळ अभयारण्यात पहिल्यांदा गेलेले बरेच जण पोचल्या पोचल्या दुर्बीण डोळ्याला लावतात, आणि मग एकदम पाचशे पक्षी समोर येतात, सगळे करडे नाहीतर तपकिरी, निम्म्यांनी मान पंखात खुपसलेली, आणि दहा मिनिटांत वाटायला लागतं की हे काही आपल्याला जमणारं काम नाही. जमतं हो. फक्त सुरुवात पक्ष्यापासून करायची नाही, पाण्यापासून करायची. पाणी कुठे खोल आहे, कुठे उथळ झालंय, चिखल कुठे उघडा पडलाय, पाणकणीस आणि लव्हाळी कुठे दाटलीय, हे पाच मिनिटं नुसत्या डोळ्यांनी बघून घ्या. कारण पाणथळीवरचा जवळपास प्रत्येक पक्षी आपले पाय आणि आपली चोच जिथे कामाला येते तिथेच उभा असतो, आणि एकदा का हे डोक्यात बसलं की पक्षी कुठे उभा आहे त्यावरूनच अर्धी ओळख होऊन जाते. बाकीची अर्धी चोच, पाय आणि वागणं बघून. रंग सगळ्यात शेवटी.

कधी जायचं

तलाव काठोकाठ भरलाय म्हणजे पक्षी भरपूर असणार असं समजू नका. भरलेल्या तलावात सगळीकडे पाणी खोल, म्हणजे पोहणाऱ्या आणि बुड्या मारणाऱ्या पक्ष्यांचं फावतं, पण चिखलात चालून खाणाऱ्यांना पाय ठेवायला जागाच नसते. पाणी ओसरायला लागलं की काठाचा चिखल उघडा पडतो, उथळ डबकी तयार होतात, त्यात किडे, अळ्या, शिंपले, छोटे मासे अडकतात आणि मग खरी गर्दी होते. म्हणून जाण्याआधी कुणाकडून तरी पाण्याची पातळी काय आहे ते विचारून घ्या, किंवा ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर त्या ठिकाणच्या गेल्या आठवड्याभरातल्या याद्या बघा. यादीत चिखलपक्षी, म्हणजे ते चिखलात चालून खाणारे, बरेच दिसले तर पाणी उतरलंय, नुसते वारकरी आणि पाणकावळे असे पोहणारे, बुड्या मारणारे पक्षी दिसले तर अजून भरलेलं आहे, इतकं सरळ गणित आहे.

समुद्राकाठची किंवा खाडीची पाणथळ असेल तर घड्याळापेक्षा भरती-ओहोटीचं वेळापत्रक महत्त्वाचं. पूर्ण ओहोटीला पक्षी लांब चिखलभर पसरलेले असतात, दुर्बिणीतून नुसते ठिपके दिसतात. भरतीच्या वेळेच्या दीड-दोन तास आधी जाऊन बसलात तर वाढतं पाणी त्यांना तुमच्याकडे ढकलत आणतं आणि ते उरलेल्या कोरड्या पट्ट्यावर दाटीवाटीनं येऊन थांबतात. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास भरती मोठी असते त्यामुळे हा पट्टा आणखी लहान होतो, तेव्हा जास्तच मजा.

गोड्या पाण्याच्या ठिकाणी मात्र उजाडायच्या आधी पोचायचं, यात तडजोड नको. रात्री एकत्र थांबलेले हंस, बदकं, बगळे, शराटी पहाटे खायला बाहेर पडतात, ते थवेच्या थवे डोक्यावरून जाताना बघायचे असतील तर अंधारातच जागेवर पाहिजे. आणि जागा निवडताना सूर्य पाठीमागे येईल अशी निवडा, म्हणजे सकाळी पाण्याच्या पूर्वेकडच्या काठावर आणि दुपारनंतर पश्चिमेकडच्या. सूर्य समोर असला तर पाणी चमकतं आणि सगळे पक्षी काळे दिसतात, मग कितीही महागाची दुर्बीण असो काही उपयोग नाही. वाऱ्याचंही लक्षात ठेवा, पक्षी वाऱ्याकडे तोंड करून बसतात आणि उडतानाही वाऱ्याला तोंड देऊनच उठतात, म्हणून वारा तुमच्या पाठीवर लागत असेल तर त्यांची तोंडं तुमच्याकडे असतात.

सोबत काय न्यायचं

दुर्बीण ८ बाय ४२ ची घ्या. ८ म्हणजे आठपट जवळ दिसतं आणि ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये, जितका मोठा तितका उजेड जास्त आत येतो, पहाटे आणि संध्याकाळी याचा फार फरक पडतो. १० बाय ४२ घेऊ का असं बरेच जण विचारतात, पाण्यावर लांबचं बघायचं म्हणून ते चुकीचं नाही, पण हात हलला की चित्रही जास्त हलतं आणि नजरेत मावणारा भाग कमी होतो, नवीन माणसाला उडता पक्षी सापडतच नाही त्यात. मी तरी ८ च सुचवेन.

आणि दुर्बीण घेतली की ती आपल्या डोळ्यांना जुळवून घ्या, हे इतकं सोपं काम आहे पण वर्षानुवर्षं कोणी करत नाही. बहुतेक दुर्बिणींना उजव्या डोळ्याच्या नळीवर एक छोटी कडी असते. एखादी स्थिर वस्तू निवडा, पाटी वगैरे. उजवं भिंग हातानं झाकून डाव्या डोळ्यानं बघत मधलं चाक फिरवून चित्र स्वच्छ करा. मग डावं झाका आणि मधल्या चाकाला हात न लावता ती कडी फिरवून उजव्या डोळ्याचं चित्र स्वच्छ करा. झालं. ती कडी कुठल्या खुणेवर आहे ते बघून ठेवा, त्यानंतर फक्त मधलं चाक वापरायचं. चष्मा असेल तर डोळ्याजवळच्या रबरी वाट्या आत दाबून ठेवायच्या, नसेल तर बाहेर काढायच्या.

पक्षी दुर्बिणीत सापडत नाही ही सगळ्यांचीच तक्रार. त्याचं उत्तर म्हणजे नजर पक्ष्यावरून हलवायचीच नाही, मान तशीच ठेवायची आणि दुर्बीण डोळ्यांपर्यंत वर आणायची. खाली बघून दुर्बीण उचलली की पक्षी हरवला. घरी खिडकीतून कावळ्यांवर प्रॅक्टिस करा.

स्पॉटिंग स्कोप, म्हणजे तिपाईवर लावायची एका नळीची मोठी दुर्बीण, असेल तर उत्तम, पाणथळीवर त्याचा जितका उपयोग होतो तितका जंगलात होत नाही कारण इथे पक्षी लांब असले तरी उघड्यावर असतात. पण स्कोप म्हणजे तिपाई आलीच, हलकी घेतली तर वाऱ्यात थरथरते. स्कोप नसला तर दिवस वाया जात नाही, बऱ्याच ठिकाणी दुसऱ्या कोणाकडे असतो आणि पक्षीवाले लोक सहसा स्वतःहून बोलावून दाखवतात.

बाकी टोपी, भरपूर पाणी, खायला काहीतरी, चिखलात चालतील असे बूट, मातकट किंवा हिरवट रंगाचे कपडे, छोटी वही आणि पेन्सिल (पेनाची शाई ओली झाली की पसरते). पांढरा शर्ट नको, उघड्यावर लांबूनच नजरेत भरतो.

पाणी कसं वाचायचं

आता मुख्य मुद्दा. समोरच्या दृश्याचे मनातल्या मनात पट्टे पाडा, मध्यापासून काठापर्यंत, आणि एकेक पट्टा घ्या.

मधल्या खोल पाण्यात बुडी मारणारे पक्षी. पाणकावळा पोहताना अंग इतकं पाण्याखाली असतं की मान आणि चोच तेवढी वर दिसते, आणि बाहेर आल्यावर पंख पसरून उभा राहतो कारण त्याच्या पिसांचा बाहेरचा भाग पाण्यानं भिजतो. छोटीशी टिबुकली दिसली की लगेच नाहीशी होते, तिच्या पुढच्या जागेचा अंदाज लावत बसावं लागतं. तिचे पाय शरीराच्या अगदी मागच्या टोकाला असतात, बुडी मारायला बेस्ट पण जमिनीवर चालायला अवघड, म्हणून ती काठावर चालताना सहसा दिसत नाही. काळ्या अंगाचा, पांढऱ्या कपाळाचा आणि पांढऱ्या चोचीचा तो वारकरी, बदकासारखा पोहतो पण बदक नाही, त्याच्या बोटांना पडद्याऐवजी पानासारख्या झालरी असतात.

बदकांमध्ये पहिला प्रश्न हा विचारायचा की हे बुडी मारणारं आहे की नुसतं डोकं खाली घालून शेपूट वर करणारं. लालसरीसारखी बुडी मारणारी बदकं पाण्यावर बसतात तेव्हा शेपूट पाण्याला टेकलेलं असतं आणि उडताना पाण्यावरून धावत जावं लागतं. वरवर खाणारी बदकं शेपूट जरा वर धरून तरंगतात आणि उडायचं झालं की जागेवरूनच सरळ वर उसळतात. एवढं बघितलं की पुस्तकाची निम्मी पानं बाजूला पडतात.

वरवर खाणाऱ्यांमध्येही खोलीचं गणित आहेच. तलवार बदकाची मान लांब, त्यामुळे ते उलटं झालं की चक्रांगपेक्षा बरंच खालचं खाणं गाठतं, आणि छोटं चक्रांग म्हणून काठाच्या जवळ जास्त दिसतं. थापट्या मात्र वेगळंच प्रकरण. त्याची चोच पुढे फावड्यासारखी रुंद, आणि कडांना आतून बारीक कंगव्यासारखे दाते असतात, पाणी आत घ्यायचं आणि बाजूनं सोडून द्यायचं, मागे राहतात ते बारीक जीव खायचे. पाच-सहा थापटे एकामागोमाग गोल गोल फिरताना दिसले तर तिथे थांबा आणि नीट बघा, फिरून फिरून ते खालचं पाणी ढवळतात आणि वर आलेलं गाळून घेतात, प्रत्येकाची चोच पुढच्याच्या शेपटामागे पाण्यात टेकलेली असते, आणि हे चक्र मिनिटामिनिटाला थोडं थोडं सरकत जातं. मला अख्ख्या पाणथळीवर सगळ्यात जास्त वेळ बघत बसावंसं वाटतं ते हे.

हिवाळ्याच्या सुरुवातीला गेलात तर बदकांचे नर सापडत नाहीत, सगळ्या माद्याच कशा दिसतायत असं वाटतं. कारण विणीनंतर नर आपली रंगीत पिसं टाकून काही महिने मादीसारखी साधी पिसं घालतात, त्याच काळात उडायची पिसंही एकदम गळतात आणि काही आठवडे त्यांना उडताच येत नाही, तेव्हा असं लपून जाणंच बरं. अशा वेळी रंगाच्या मागे न लागता चोचीचा आकार आणि पंख उघडल्यावर दिसणारा चमकदार पट्टा बघा. हिवाळा पुढे सरकला की तेच नर झळकायला लागतात, तलवार बदकाचं तपकिरी डोकं आणि मानेवरची पांढरी रेघ, भुवई बदकाची पांढरी भुवई. म्हणून बदकं शिकायची असतील तर हिवाळ्याच्या मध्यावर जा.

त्यानंतर गुडघाभर पाण्याचा पट्टा, म्हणजे त्यांच्या गुडघ्याइतका. राखी बगळा पुतळ्यासारखा एका जागी उभा, जांभळा बगळा सहसा लव्हाळ्याच्या कडेला. चमचा नावाचा पक्षी दिसला तर त्याची चाल बघा, चोच अर्धवट उघडी ठेवून पाण्यात बुडवायची आणि डोकं डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरवत पुढे जायचं, चोचीला काही लागलं की फट्कन मिटायची. तो बघून मासा पकडत नाही, स्पर्शानं पकडतो, म्हणून गढूळ पाण्यात त्याचं काही अडत नाही. बगळ्याला मात्र मासा दिसावा लागतो. गढूळ झालेल्या कोपऱ्यात चमचे आणि स्वच्छ कोपऱ्यात बगळे असं दिसलं तर कारण हे असू शकतं.

आणि मग तो पट्टा ज्याला सगळे घाबरतात, दोन-चार बोटं पाणी आणि ओला चिखल. इथे छोटे-मोठे करडे चिखलपक्षी पळत असतात आणि नवीन माणूस सरळ पुढे निघून जातो. जाऊ नका, थांबा. आधी त्यांची खायची पद्धत बघा. चिखल्या पळतो, थांबतो, बघतो, टिपतो, पुन्हा पळतो. डोळे मोठे, चोच आखूड, कारण तो नजरेनं शोधतो. पाणटिवळा आणि पाणलावा लांब चोच चिखलात खुपसून शिवणयंत्राच्या सुईसारखी वरखाली करतात, चोचीच्या टोकाला स्पर्श कळतो आणि बाकी चोच मिटलेली ठेवून नुसतं टोक उघडून किडा पकडता येतो त्यांना. म्हणजे धावून थांबणारा आणि टोचत जाणारा असे दोन गट तुम्ही पुस्तक न उघडता पाडले.

मग चोचीची लांबी डोक्याच्या लांबीशी ताडून बघा. डोक्याइतकी, दीडपट की दुप्पट. सरळ, खाली वळलेली की किंचित वर. आणि पायाचा रंग. शेकाट्या तर लांबूनच कळतो, गुलाबी-लाल पाय इतके लांब की बाकीचे जिथे पोटापर्यंत बुडतात तिथे हा आरामात फिरतो. माझा सल्ला असा की आधी एकच साधा चिखलपक्षी पक्का करा, जो तुमच्या ठिकाणी नेहमी दिसतो, आणि बाकी सगळे त्याच्याशी ताडून बघा, त्याच्यापेक्षा मोठा का, चोच लांब का, पाय पिवळे का.

तुतारी नावाच्या तीन चिखलपक्ष्यांवर लोक अडतात म्हणून तेवढं सांगतो. सामान्य तुतारी सारखी मागचा भाग वरखाली हलवत असते, आणि छातीच्या बाजूनं पांढरा रंग पंखाच्या पुढून खांद्याकडे वर चढलेला दिसतो. उडताना पाण्याला अगदी लगटून, पंख ताठ, थरथरल्यासारखे. हिरवी तुतारी वरून काळपट, उडाली की पंखाखाली गडद आणि कंबर एकदम पांढरी, लांबून काळा-पांढराच पक्षी वाटतो, आणि ओरडत उडते. ठिपकेवाल्या तुतारीचे पाय पिवळसर, पाठीवर ठळक ठिपके, डोळ्यावरची फिकट भुवई डोळ्याच्या मागेपर्यंत लांब गेलेली, पंखाची आतली बाजू फिकट. या तिघी पक्क्या झाल्या की चिखलाची भीती निम्मी कमी होते.

राहिलं पाणकणीस आणि लव्हाळी. इथे दुर्बिणीनं खोदत बसायचं नाही, झुडपातली मोकळी फट निवडायची आणि तिच्यावर नजर ठेवायची. पाणकोंबडी फटीतून इकडून तिकडे जाते, जांभळी पाणकोंबडी देठ सोलून पायात धरून खाते, बोरू वटवट्या दिसत नाही पण बडबड थांबत नाही त्याची. इथे कान जास्त कामाला येतात. मर्लिन ॲप आवाजावरून नाव सुचवतं, पण त्यानं सुचवलेलं नाव म्हणजे सुरुवात समजा, पक्षी डोळ्यांनी दिसेपर्यंत यादीत टाकू नका.

बसून राहा

जंगलात चालावं लागतं, पाणथळीवर बसावं. एक चांगली जागा धरून पाऊण तास बसलात तर चार जागा पळत फिरण्यापेक्षा जास्त दिसतं, कारण तुम्ही आलात तेव्हा जे पक्षी लांब सरकले होते ते वीसेक मिनिटांत परत यायला लागतात. हाइड असेल, म्हणजे फटी असलेली लपून बसायची झोपडी, तर दार हळू लावा, खिडकीची फळी हळू उघडा, हात किंवा कॅमेऱ्याचं भिंग बाहेर काढू नका, आणि आवाज कुजबुजीच्या वर नको. पुढची खिडकी दिवसभर अडवून बसू नका, मागे कोणी उभं असेल तर जागा द्या.

बसल्यावर वीस मिनिटांतून एकदा सगळं पाणी डावीकडून उजवीकडे सावकाश तपासत जा. झोपलेली बदकं, पाण्यात उभे खांब, सुकलेल्या झाडाच्या फांद्या, सगळं. खांबावर खंड्या असतो, उंच फांदीवर कैकर हा शिकारी पक्षी मासा पायाखाली दाबून खात बसलेला असतो, आणि हे पहिल्या नजरेत सुटतं.

आणि सगळा थवा अचानक उठला तर पहिली गोष्ट म्हणजे थव्याकडे बघत बसू नका, वर बघा. दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी असेल तर पंख इंग्रजी व्ही सारखे वर धरून लव्हाळ्याच्या जरासंच वरून, सावकाश, डोलत येताना दिसेल, त्याला बघून बदकं उठतात, थोडं पुढे जाऊन पुन्हा बसतात. बहिरी ससाणा आला तर चिखलपक्ष्यांचा थवा एकदम आवळून घट्ट गोळा होतो, वळतो, पोटं पांढरी चमकतात, पुन्हा वळतो आणि काळा दिसतो, कारण गोळ्यातून एकाला वेगळं काढणं शिकाऱ्याला अवघड जातं. कोण आलाय हे थव्याच्या वागण्यावरून ओळखता येतं आणि हे शिकण्यासारखं आहे. वर कोणीच नसेल तर मग काठाकडे बघा, बहुतेक वेळा तिथे कुत्रा नाहीतर माणूस असतो.

अंतर

इथे मी जरा जास्त बोलणार आहे कारण हे मनापासून वाटतं. पाणथळीवरचे बरेच पक्षी हजारो किलोमीटर उडून आलेले असतात किंवा निघायच्या तयारीत असतात, आणि त्यांच्यासाठी ही जागा म्हणजे खायची आणि चरबी साठवायची जागा. २०२२ मध्ये पट्टेरी शेपटीचा पाणटिवळा, तोही जेमतेम पाच महिन्यांचा पिल्लू, अलास्काहून निघून कुठेही न थांबता टास्मानियापर्यंत १३,५६० किलोमीटर ११ दिवसांत उडत गेला, पाठीवरच्या ट्रान्समीटरमुळे हे कळलं. हे सगळं अंतर तो निघण्याआधी चिखलात खाऊन साठवलेल्या चरबीवर उडाला. म्हणून फोटोसाठी म्हणून आपण थवा एकदा उडवला तर आपल्याला वाटतं काय झालं, पुन्हा बसले की, पण दिवसभरात दहा जणांनी तसं केलं तर त्या पक्ष्याचा खाण्याचा वेळ गेला आणि साठवलेलंही खर्च झालं.

जास्त जवळ गेलो हे पक्षी आधी सांगतात, फक्त बघावं लागतं. खाणं थांबतं, माना वर होतात, सगळी डोकी एका दिशेला, मग एक-दोन जण चालत लांब सरकतात, एखादा ओरडतो. माना वर झाल्या तिथेच थांबायचं, उडायची वाट बघायची नाही. थांबलात, खाली बसलात तर थोड्या वेळात माना पुन्हा खाली जातात.

विणीच्या दिवसांत टिटवी किंवा शेकाट्या डोक्यावर घिरट्या घालून ओरडायला लागला, किंवा एखादा चिखल्या पंख मोडल्यासारखा जमिनीवर फरफटत जायला लागला, तर तुम्ही त्याच्या घरट्याजवळ आलाय. घरटं शोधायचं नाही. आलात त्याच वाटेनं, पाय कुठे पडतोय ते बघत मागे फिरा, अंडी उघड्या जमिनीवर असतात आणि दगडांमध्ये मिसळून जातात. घरट्याचे फोटो नको, घरट्याची जागा ग्रुपवर टाकणं तर अजिबात नको. आवाज वाजवून पक्ष्याला बोलावणं, ड्रोन उडवणं, फ्लॅश मारणं, हेही नको. बांध सोडून चिखलात उतरू नका, पक्ष्यांसाठीही नको आणि तुमच्यासाठीही, वरून कडक दिसणारा चिखल खाली मांडीपर्यंत मऊ असू शकतो.

दुपार आणि संध्याकाळ

ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरायला लागते आणि स्कोपमधलं चित्र उकळल्यासारखं होतं, त्या वेळात लांबचे चिखलपक्षी ओळखायचा हट्ट करू नका. बदकंही झोपतात. हा वेळ खायला, वही पूर्ण करायला, आणि आकाशात बघायला. गरम हवेवर शिकारी पक्षी आणि करकोचे गोल गोल वर चढतात ते याच वेळी.

संध्याकाळसाठी शेवटचा दीड तास राखून ठेवा. सकाळी बाहेर पडलेले सगळे परत येतात, बगळे झाडावर जागेसाठी भांडतात, शराटी रांगेनं येतात, भिंगऱ्या लव्हाळ्यावर घोंगावून एकदम आत उतरतात. मोजायला हीच उत्तम वेळ. मोजायची पद्धत अशी की आधी दहा पक्षी नीट मोजा, तो दहाचा तुकडा डोळ्यात बसवा, मग तसे किती तुकडे होतात ते बघा. थवा मोठा असेल तर शंभराचा तुकडा बसवा. एकदा मोजून झालं की उलट दिशेनं पुन्हा मोजा, दोन आकडे जवळ आले तर भरवसा ठेवा. नुसतं खूप होते असं लिहून काही उपयोग होत नाही, अंदाजे ३५० असं लिहा.

नोंद

पक्षी ओळखू आला नाही तर पुस्तक उघडायच्या आधी वहीत लिहा: कुठल्या पट्ट्यात होता, आकार कशाएवढा, चोच, पाय, काय करत होता, उडाल्यावर पंखावर आणि कमरेवर काय दिसलं. पुस्तक आधी उघडलं तर चित्रात जे आहे तेच आपल्याला दिसलं असं वाटायला लागतं. बरं, सगळेच पक्षी ओळखू येणार नाहीत, मोठमोठ्या जाणकारांच्या याद्यांतही अनोळखी चिखलपक्षी अशी ओळ असते.

यादी ईबर्डवर टाका, २००२ पासून चालू आहे आणि फुकट आहे. सुरू केल्याची वेळ, किती चाललात, आणि दिसलेले सगळे पक्षी आकड्यासकट, कावळा-साळुंकीसुद्धा. दुर्मिळ तेवढेच टाकले तर कोण कमी झालं आणि कोण वाढलं हे काहीच कळत नाही. जानेवारीत जगभर पाणपक्ष्यांची गणना होते, १९६७ पासून, आशियात १९८७ पासून, आणि तिला हौशी माणसं लागतातच. एक हंगाम वरच्या पद्धतीनं मोजायची सवय केलीत तर तुम्हीही त्यात जाऊ शकता, सोबत जाणकार असतात आणि एका दिवसात जितकं शिकायला मिळतं तितकं एकट्यानं महिन्याभरात होत नाही.

एक शेवटचं. पाय बघायची सवय लागली की कधीतरी एखाद्या पक्ष्याच्या पायात रंगीत कडी किंवा छोटं निशाण दिसेल, हंसांच्या मानेतही पट्टा असतो कधी कधी. अशा वेळी फोटो घ्या, आणि डावा पाय की उजवा, पक्ष्याचा डावा, आपला नाही, गुडघ्याच्या वर की खाली, कुठला रंग वर कुठला खाली, अक्षर किंवा आकडे असतील तर ते, हे सगळं लगेच लिहून ठेवा. अर्धवट वाचता आलं तरी लिहा. ज्या देशात ती कडी घातली तिथले लोक अशा नोंदींची वाट बघत असतात, पक्षी अभ्यासणाऱ्या जवळच्या संस्थेकडे किंवा अभयारण्याच्या ऑफिसात दिलीत तर पुढे पोचवतात, आणि मग हा पक्षी कुठे, कधी पकडून कडी घातली होती ते तुम्हाला उलट कळवलं जातं.